एक आज्ञावली, अनेक यंत्रे

हातात मावणाऱ्या उपकरणांसाठी अ‍ॅप तयार करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. ज्यांच्यासाठी अ‍ॅप करावयाचे, त्या सर्वांच्या हाती एकाच जातीचे उपकरण नसते. कोणाजवळ अँड्रॉइड प्रणालीचा फोन असतो, कोणाजवळ आयफोन, तर कोणाजवळ केवळ बटणांचा फोन. प्रत्येक प्रणालीची भाषा निराळी, साधने निराळी आणि नियमही निराळे. तेच काम प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्रपणे लिहावे, की एकदाच लिहून सर्वत्र चालवावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

एकदा लिहावे आणि कोठेही चालवावे, ही आकांक्षा नवी नव्हे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली जावा ही भाषा याच आश्वासनासह जगापुढे ठेवली. पुढे साध्या मोबाइल फोनांवरही जावामध्ये लिहिलेले खेळ चालू लागले. परंतु पडद्याचा आकार, बटणांची मांडणी आणि स्मृतीची मर्यादा फोनागणिक वेगळी असल्यामुळे, एकदा लिहिलेली आज्ञावली वारंवार दुरुस्त करावी लागे. श्रम वाचले खरे. मात्र ते नाहीसे झाले नाहीत. लेखनातील श्रम चाचणीकडे सरकले, एवढेच.

आज उपलब्ध असलेल्या मार्गांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात प्रत्येक प्रणालीचे अ‍ॅप तिच्याच भाषेत लिहिले जाते: अँड्रॉइडसाठी कॉटलिन किंवा जावा, आयफोनसाठी स्विफ्ट. यंत्राची सारी शक्ती हाती येते, पण काम दुप्पट होते. दुसऱ्या वर्गात अ‍ॅप म्हणजे वस्तुतः वेबपृष्ठच असून त्यावर अ‍ॅपचे आवरण चढविलेले असते. कॉर्डोव्हा हे या वर्गातील परिचित साधन. ते शिकण्यास सोपे आहे. तथापि पडद्यावर पुष्कळ हालचाल असेल तेथे त्याची गती कमी पडू शकते. फेसबुकने २०१२ साली आयफोनवरील आपले अ‍ॅप वेबतंत्र सोडून त्या प्रणालीच्या स्वतःच्या भाषेत नव्याने लिहिले, त्यामागे हेच कारण होते. तिसऱ्या वर्गात लेखन एकाच भाषेत होते. २०१५ साली खुले झालेले रिअ‍ॅक्ट नेटिव्ह हे साधन प्रत्येक प्रणालीचीच बटणे व चौकटी वापरते. उलट, २०१८ साली ज्याची पहिली स्थिर आवृत्ती आली ते गूगलचे फ्लटर पडद्यावरील प्रत्येक आकृती स्वतः रेखाटते.

यांपैकी श्रेष्ठ कोणते, असे विचारणे व्यर्थ होय. कोणाच्या हातातील यंत्रासाठी आणि किती वर्षांसाठी, हे आधी ठरले पाहिजे. त्याखेरीज त्या प्रश्नाला अर्थ येत नाही.

प्रथम यंत्राचा विचार. भारत सरकारचे आरोग्य सेतू हे अ‍ॅप एप्रिल २०२० मध्ये अँड्रॉइड व आयफोन यांसाठी आले. जिओफोनसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती मे महिन्यात आणावी लागली. कारण त्या फोनातील कायओएस ही प्रणाली वेबतंत्रावर आधारलेली असून अँड्रॉइडची अ‍ॅपे तीवर चालत नाहीत. साथीच्या काळात एका महिन्याचा विलंब लहान नसतो. स्वस्त फोन वापरणारा वर्ग प्रारंभीच विचारात घेतला नाही, तर सोयीस्कर साधनाची किंमत अखेर त्यालाच मोजावी लागते.

दुसरा विचार लिपीचा. देवनागरीत 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण संगणकाच्या स्मृतीत ती 'क'नंतर साठविली जाते. जोडाक्षरांची जुळणीही दाखवितानाच होते. जे साधन अक्षरे स्वतः रेखाटते, त्याने ही सर्व जबाबदारी स्वतःच पेलली पाहिजे. म्हणून निवडीपूर्वी 'दर्या' आणि 'दऱ्या' यांसारखे शब्द लहानशा नमुना अ‍ॅपमध्ये, खऱ्या आणि स्वस्त फोनावर, लिहून व वाचून पाहावेत. विकसकाच्या टेबलावरील महागड्या फोनावर केलेली परीक्षा पुरेशी नव्हे.

तिसरा विचार आयुष्याचा. आणि नेमका तोच बहुधा राहून जातो. साधनेही जन्मतात आणि निवृत्त होतात. फोनगॅप हे एके काळचे लोकप्रिय साधन २०११ साली अ‍ॅडोबीकडे गेले आणि २०२० साली त्या कंपनीने त्याचे काम थांबविले. त्याचा गाभा मात्र कॉर्डोव्हा या नावाने अपाची प्रतिष्ठानाकडे सुपूर्त झालेला असल्यामुळे त्याच्या वापरकर्त्यांना पुढची वाट उरली. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली विकत घेतलेल्या झामरिनचा आधार मे २०२४ मध्ये संपला आणि त्यावर उभारलेली अ‍ॅपे नव्या साधनावर हलविणे भाग पडले. ग्रामीण आरोग्यकेंद्रातील परिचारिका ज्या अ‍ॅपमध्ये लसीकरणाच्या नोंदी ठेवते, ते दहा वर्षे चालावे अशी अपेक्षा असते. ते उभारणाऱ्याने साधन कोणाच्या मालकीचे आहे, त्याची मूळ आज्ञावली खुली आहे काय आणि ते बंद पडल्यास काय वाचेल, हे पहिल्याच दिवशी विचारावयास हवे.

यावर एक व्यवहार्य उपाय आहे. अ‍ॅपचा जो भाग पडद्याशी संबंधित नाही, म्हणजे नोंदींचे नियम, हिशेब, जाळे तुटले असता माहिती जपून ठेवण्याची रीत, तो दर्शनी भागापासून अलग लिहावा. नोंदी सर्वांना वाचता येतील अशा स्वरूपात साठवाव्यात. मग पुढे साधन बदलले तरी दर्शनी भिंत तेवढी नव्याने बांधावी लागते, पाया उखडावा लागत नाही.

अ‍ॅपची पहिली आवृत्ती किती दिवसांत तयार झाली, हे काही महिन्यांत विस्मरणात जाते. परंतु निवडलेले साधन बंद पडते तेव्हा त्या परिचारिकेच्या नोंदी सुरक्षित राहिल्या की नाहीत, यावरूनच निवडीची योग्यता ठरते.