वाट पाहण्याच्या दोन तऱ्हा

(सोसायटीच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मला विषय दिला गेला तो 'संगणक आणि आपली मुले'. मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे, यावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतच असते, म्हणून ते मी सोडून देतो. आज मला संगणकाच्या पोटातली एक गोष्ट सांगायची आहे. मी इतिहास-भूगोल शिकवणारा मास्तर, बी. ए., बी. एड. संगणकाची खोली माझ्याकडे आली ती दुसरे कोणी घ्यायला तयार नव्हते म्हणून. तेव्हा जाणकारांनी माझे उणेअधिक पोटात घालावे.

आरंभ माझ्याच चुकीने करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. अकरा मुलामुलींचे अर्ज बाकी होते. आपल्या खोलीतले सर्व संगणक ज्या एका मोठ्या संगणकातून इंटरनेटला जातात, तो आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने मांडून दिलेला आहे. त्यात त्याने एक 'व्हर्च्युअल मशीन' बसवले आहे, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक. तो डोळ्यांना दिसत नाही. पण स्वतःला स्वतंत्र संगणकच समजतो. घर एकच, त्यात पडदा लावून पोटभाडेकरू ठेवावा तसे. या पोटभाडेकरूला एकच प्रोसेसर दिला होता आणि मुलांचे सगळे जाणे-येणे त्याच्यातून होत होते.

त्या दुपारी त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलायचा होता. मी फोनवर विचारून एक ओळीची आज्ञा दिली. उत्तर आले नाही. पडद्यावर पाहतो तो प्रोसेसर शंभर टक्के कामात! मी मनात म्हटले, बिचारा राबतो आहे, मध्ये बोलू नये. मुलांना गप्प बसवले. अशी चाळीस मिनिटे गेली. एका मुलाचे अब्बा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "सर, एवढी मेहनत चालली आहे तर काही निघायला नको का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. काहीही निघत नव्हते, कारण तो संगणक काम करत नव्हताच, तो वाट पाहत होता.

शंभर टक्के राबून वाट पाहायची म्हणजे काय, हे मला त्या रात्री समजले. तेच आज सांगतो.

आपल्याकडे नळाला पाणी रात्री-बेरात्री येते. ते भरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, नळाखाली हंडा लावून बसायचे आणि दर मिनिटाला चावी फिरवून पाहायचे, आले का, आले का. दुसरी, निवांत झोपायचे आणि शेजारच्या खालाला सांगून ठेवायचे की पाणी आले की दार वाजवा. पहिल्या तऱ्हेत पाण्याचा पहिला थेंबही चुकत नाही; पण रात्र जागून काढावी लागते, दुसरे काही होत नाही. दुसरीत झोप होते. पण दार वाजल्यावर उठणे, चप्पल शोधणे, खाली उतरणे यात थोडे पाणी वाहून जाते. संगणकाच्या भाषेत पहिलीला 'बिझी पोलिंग' म्हणतात, आणि दुसरीतल्या दार वाजवण्याला 'इंटरप्ट'. हे काम ज्याच्याकडे असते तो 'ड्रायव्हर'. गाडीचा नव्हे, यंत्राचा एखादा भाग आणि मूळ प्रणाली यांच्यामध्ये दुभाषाचे काम करणारा तो प्रोग्राम.

आता कोणीही म्हणेल, झोपणेच शहाणपणाचे. परंतु हिशेब करून पाहा, आठवीच्या मुलालाही जमेल. दहा गिगाबिटची तार, म्हणजे सेकंदाला १,००० कोटी बिट. इथरनेटवर लहानात लहान पाकीट ६४ बाइटचे, त्याच्या पुढच्या खुणा आणि मधली मोकळी जागा धरून ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. भागाकार करा. सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पाकिटे येऊ शकतात. दर पाकिटाला ६७ नॅनोसेकंद मिळाले. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे जेमतेम २०० ठोके. झोपलेल्या कामाला उठवून पुन्हा गादीवर बसवायलाच मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात डझनावारी पाकिटे दारात साचतात.

शिवाय प्रत्येक पाकिटामागे दार वाजू लागले तर माणूस दार उघडण्यातच मरेल, आत येऊन काम कधी करणार? हा प्रकार १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या दोघांनी एका निबंधात नीट मांडून दाखवला. (हे रामकृष्णन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विद्यार्थी.) यंत्र जिवंत असते, सारखे धावत असते आणि एकही काम तडीस जात नाही. त्यांचा उपाय असा की पहिल्या पाकिटाला दार वाजू द्यावे. मग कडी लावून घ्यावी, बाहेर साचलेली पाकिटे ठराविक संख्येने आपणच जाऊन उचलावीत, आणि अंगण रिकामे झाले की पुन्हा कडी काढावी. याच वाटेने २००१ च्या सुमारास जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी लिनक्स प्रणालीत 'नापी' नावाची पद्धत आणली. आज लिनक्सवरचे जवळजवळ सगळे नेटवर्क ड्रायव्हर तिच्यावर चालतात. एका खेपेला साधारणपणे ६४ पाकिटे. गर्दीत फेऱ्या मारायच्या, शांततेत झोपायचे. मला ही तोड फार आवडली. काही लोक तर एक आख्खा प्रोसेसर फक्त चावी फिरवत बसायला नेमतात. टेलिफोन कंपन्यांसारख्या ज्यांच्याकडे पाकिटांचा ओघ कधी थांबतच नाही त्यांना ते परवडते.

मग माझ्या दुपारी काय बिघडले? ते पाकिटांचे प्रकरणच नव्हते. कार्डाशी बोलण्याच्या रांगा दोन प्रकारच्या असतात. काहींतून पाकिटे जातात-येतात. एक असते हुकमांची, पत्ता बदल, अमुक पाकिटे घे, तमुक सोड. पोटभाडेकरू संगणकासाठी जे खोटे कार्ड असते त्याची 'व्हर्टआयओ' नावाची रीत रस्टी रसेल यांनी बांधून दिली. त्यांचा निबंध २००८ चा. हुकमांची रांग २००९ साली जोडली गेली. त्या वेळी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी विचार केला तो असा: खोटे कार्ड म्हणजे खरे तर घरमालकाचाच एक प्रोग्राम. आपण हुकूम ठेवून कडी वाजवली की आपण आपोआप थांबतो आणि मालक कामाला लागतो. आपण पुन्हा डोळे उघडतो तेव्हा उत्तर तयारच असणार. मग झोपण्याची तयारी कशाला? डोळे न मिटता दोन क्षण पाहत राहावे, झाले. म्हणून त्या रांगेसाठी त्यांनी दार वाजवण्याची सोयच मागितली नाही.

त्या काळापुरता हा विचार चुकीचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. आपण मागच्यांच्या चुका काढताना त्यांच्या वेळची परिस्थिती विसरतो. पुढे दिवस बदलले. तीच रीत बोलणारी खरीखुरी लोखंडी कार्डे आली, त्यांच्या आत स्वतःचा लहान प्रोसेसर, तो आपल्या सवडीने उत्तर देणार. २०२१ मध्ये लिनक्समध्ये अशीही सोय झाली की कार्डाचे सोंग कोणत्याही साध्या प्रोग्रामने घ्यावे. तो प्रोग्राम अडला, बंद पडला, लबाड निघाला, तरी ड्रायव्हर आपला विचारतोच आहे, झाले का, झाले का. माझ्या बाबतीत मोठा संगणक त्याच वेळी एका खराब होत चाललेल्या डिस्कवर नक्कल काढत होता, आणि कार्डाचे सोंग घेणारा प्रोग्राम त्या डिस्कपाशी खोळंबला होता. डिस्क उत्तर देईना, म्हणून प्रोग्राम हलेना, म्हणून ड्रायव्हर विचारणे सोडेना. प्रोसेसर एकच, तो विचारण्यात गुंतलेला. मुलांचे अर्ज पुढे नेणाऱ्या प्रोग्रामला पाळी मिळणार कुठून?

२०२२ च्या अखेरीस लिनक्सच्या विकासकांत प्रस्ताव आला की या रांगेवर ड्रायव्हरने डोळे मिटावेत आणि उत्तर आले की उठावे. ऐकायला सोपे वाटते. आपल्या मुलांनी इथे लक्ष द्यावे, कारण खरी गंमत इथून पुढे आहे.

पहिली अडचण, सगळ्याच ठिकाणी झोपता येत नाही. कार्डाने कोणती पाकिटे घ्यावीत ही यादी बदलताना कर्नल असे कुलूप धरून असतो की ते हातात असताना झोपणे निषिद्ध. परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षक डुलकी काढू शकत नाही, तसेच. मग ते काम चिठ्ठी लिहून बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्या कामगाराने सवडीने करायचे. पण मग ज्याने यादी बदलायला सांगितली त्याला 'झाले' असे कळते, आणि प्रत्यक्षात अजून झालेले नसते.

दुसरी, झोपला तरी त्याच्या हातात मोठे कुलूप राहते. लिनक्समध्ये नेटवर्कच्या बहुतेक फेरबदलांना मिळून एक मोठे कुलूप आहे. कार्यालयाची किल्ली खिशात घालून कारकून झोपला, तर त्याची खुर्ची दुसऱ्याला मिळेल खरी, पण दार बंदच. दुसऱ्या कार्डाचा साधा पत्ता बदलणाराही बाहेर ताटकळेल.

तिसरी मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. एक जण म्हणेल, मुदत घाला. मिनिटभरात उत्तर नाही तर सोडून द्या. पण हुकूम देताना आपण कार्डाला आपल्या स्मृतीतला एक कागद लिहायला दिलेला असतो. मुदत संपली म्हणून आपण तो कागद परत घेऊन त्यावर दुसऱ्याच मुलाचे गुण लिहिले, आणि तासाभराने ते कार्ड जागे होऊन जुने उत्तर त्याच कागदावर खरडून गेले तर? त्या मुलाचे गुण गेले, आणि कोणी घालवले हेही कळायचे नाही. दिलेला कागद सुरक्षित परत घ्यायचा तर कार्ड, निदान ती रांग, सुरुवातीपासून नव्याने मांडावी लागते. थांबणे सोडून देणे इतके सोपे नसते, ते असे.

पुढे एक मधला मार्ग निघाला: ड्रायव्हर विचारतच राहील, पण प्रत्येक फेरीत बाजूला सरकून दुसऱ्या कामांना पाळी देईल. हा पूर्ण इलाज नाही; कुलूप हातात राहतेच. तरी माझ्या संगणकात हा बदल असता तर अर्जांचा प्रोग्राम चालू राहिला असता, असे मला माझ्या विद्यार्थ्याने सांगितले.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्याच्या उत्तराची वेळ आपल्या हाती नाही त्याच्यासाठी डोळे उघडे ठेवून बसू नये. पण थोडा वेळ जरूर बसावे. याचाही हिशेब आहे. झोपून उठण्याला जेवढा खर्च येतो तेवढाच वेळ आधी पाहत बसावे आणि मग झोपावे. उत्तर कधीही येवो, आधीच सर्व ठाऊक असणाऱ्याच्या दुपटीहून अधिक तोटा होत नाही. दहावीच्या मुलांनी हे कागदावर सिद्ध करून मला दाखवावे. पोटभाडेकरू रिकामा झाला की मालक त्याला लगेच न झोपवता क्षणभर वाट पाहतो, ती युक्ती याच जातीची.

त्या अर्जांचे काय झाले, ते राहिले. फोन लागला तेव्हा विद्यार्थी पहिले वाक्य बोलला, "सर, शंभर टक्के दिसले की शंका घ्या." मशीन जबरीने बंद करून चालू केले, तोवर दिवेलागण झाली होती. पालकांनी आपापले मोबाईल काढले, कोणी पायरीवर, कोणी ओट्यावर बसून अर्ज भरले. अकरांपैकी दहा गेले. एका मुलीचा राहिला. तिच्या घरी मी दुसऱ्या दिवशी जाऊन आलो. तिच्या अम्मीने चहा दिला आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. ती मुलगी आज पहिल्या रांगेत बसली आहे, आणि वरचे भागाकार तिनेच तपासून दिले आहेत.

आता त्या मशीनला दोन प्रोसेसर दिले आहेत, आणि बॅकअप शाळा सुटल्यावर निघतो. चहानंतर संगणकाच्या खोलीत मी ते शंभर टक्के पुन्हा घडवून दाखवणार आहे. पालकांनीही यावे. खुर्च्या कमी आहेत, मुलांनी उभे राहावे.