खाड्याची वही



तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरबाईला तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. दोन दिवस इथे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांवर उत्तम निबंध वाचले जातील. मी मात्र एका साध्या औषधाबद्दल बोलणार आहे. आपण ते रोज लिहून देतो आणि कुठल्याच मेडिकलमध्ये ते मिळत नाही. ते औषध म्हणजे विश्रांती.

दसऱ्यानंतर आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघायच्या आदल्या दिवशी एक पोरगी आली होती. पोटात चौथा महिना, हिमोग्लोबिन सात. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि सवयीने खाली खरडलं, ‘जड काम नको, विश्रांती घ्या.’ तिने चिठ्ठी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि विचारलं, “आन् खाडा कोन भरील, डॉक्टरबाई?”

शहरातल्या मित्रांसाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून दोघांच्या नावाने उचल घेतलेली असते. आजारपण असो, पाळीची कळ असो, गर्भपात असो, एक दिवस फडात गेलं नाही की तो खाडा. त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. फडावर संडास नाही, पाणी टँकरचं, राहायला कोपी. पहाटे अंधारात तोड सुरू होते आणि रात्री गाडी भरेपर्यंत डोक्यावर मोळ्या. अंगावर पांढरं जातं, अंग बाहेर येतं, कंबर धरते. मग कुणीतरी सांगतं, पिशवी खराब झाली, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.

2019 मध्ये शासनाच्या चौकशी समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली. तपासलेल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहांत एक. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. ऑपरेशनचा खर्च बऱ्याचदा पुढच्या हंगामाच्या उचलीतून भागतो, म्हणजे दुखणं घालवायला काढलेलं कर्ज आणखी ऊस तोडून फेडायचं. तिशीत अंडाशयंही गेली असतील तर हाडं ठिसूळ होतात, आणि डोक्यावरची मोळी तेवढीच राहते. या बायकांनी स्वतःच्या हाताने पिशव्या काढल्या नाहीत, मित्रहो. सुरी आपल्या व्यवसायाच्या हातात होती.

आता बीडमध्ये खासगी रुग्णालयात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. नियम चांगला आहे. त्याने सुरी थांबते, पण खाडा थांबत नाही.

कायदा काय म्हणतो? 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 12 आठवड्यांची पगारी रजा होती. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. गर्भपात झाला तर सहा आठवडे. 50 कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक. 50 कर्मचारी, 50 बायका नव्हेत, हेही ध्यानात घ्या. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही हा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात दिला. पण ऊसतोडणीवाली कुणाच्या हजेरीपटावर आहे? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम नवऱ्याकडे. तिचा हजेरीपट कुणी ठेवत नाही. खाड्याची वही मात्र चोख असते.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला 5,000 रुपये मिळतात. ते 26 आठवड्यांवर पसरा, दिवसाला 27 रुपये पडतात. तेवढ्यावर कोण घरी बसेल?

यावर उत्तर नवं नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला, पण पैशाचा भार मालकावर राहिला. आजही बहुतेक ठिकाणी तो एकट्या मालकावरच आहे, आणि म्हणून लग्न ठरलेल्या मुलीला मुलाखतीत आडून आडून प्रश्न विचारले जातात. कर्मचारी राज्य विमा योजनेत ही रजा सामाईक निधीतून भागते. तोच निधी फडापर्यंत, वीटभट्टीपर्यंत, घरकामापर्यंत न्यायला हवा. साखरेच्या पोत्यामागे ठरावीक रक्कम घेऊन हे करता येईल. बापाचीही रजा त्यात धरा. केंद्राच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीत त्यासाठी कायदाच नाही. रजा फक्त बाईची राहिली, तर नोकरी देताना वजाबाकी फक्त तिचीच होणार.

आता स्वतःकडे बोट वळवते. माझ्या दवाखान्यात 14 माणसं आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सिस्टरने दिवस राहिल्याचं सांगितलं. शेकडो बायकांचं बाळंतपण केलेल्या माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “अगं, मग नाइटला कोण येणार?” अभिनंदन नंतर. त्या रात्री माझ्या लक्षात आलं, ते वाक्य मुकादमाचं होतं. तिला पूर्ण रजा दिली, पगार दिला, सहा महिने बदली सिस्टर ठेवली. दवाखाना बुडाला नाही.

तेव्हा या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी विनंती आहे. ऊसतोड कामगारांच्या करारातून आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा कायमचा जावा, ही मागणी आपण डॉक्टर म्हणून शासनाकडे करू. चाळिशीच्या आतल्या बाईचं गर्भाशय दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत घेतल्याशिवाय काढणार नाही, असं स्वतःवर बंधन घालू. आणि आपल्या सभासदांच्या दवाखान्यांत आया, सिस्टर, सफाई कामगार यांना कायद्याप्रमाणे रजा मिळते का, याची पाहणी बाहेरच्यांकडून करून घेऊ.

ठराव टाळ्यांनी मंजूर होतात, हे मला माहीत आहे. म्हणून एक काम टाळ्यांशिवायचं सांगते. सोमवारी दवाखान्यात गेलात की आपला हजेरीपट उघडा. शेवटच्या बाळंतपणाच्या रजेसमोर पगाराचा आकडा आहे की रेघ, एवढं बघा. रेघ असेल, तर ती खाड्याची वही आहे. आधी ती बंद करा.