पहिली मोहिनी
(दुबईतील मराठी मंडळींसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, अभिनेते विक्रम गोखले इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. आज मात्र मी बोलणार आहे त्यांच्या आजीबद्दल, कमलाबाई गोखल्यांबद्दल. आणि कमलाबाईंच्या आई दुर्गाबाई कामत यांना वगळून ती गोष्ट सांगताच येत नाही.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लागला. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंखे. हा माणूस हॉटेलात आचारी होता! फाळक्यांनी बाई शोधायचे थोडे का प्रयत्न केले? पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. त्यांच्या पुढच्या 'मोहिनी भस्मासुर'च्या वेळी ही कोंडी फुटली. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली.

आता गंमत बघा. मोहिनी म्हणजे कोण? स्त्रीरूप घेतलेला विष्णू. आधीच्या चित्रपटात पुरुषानं राणी रंगवली. या चित्रपटात खरीखुरी मुलगी आली, ती बाईच्या रूपातला देव रंगवायला. शिवाय चित्रपट मुका. संगीत नाटकात वाढलेल्या मुलीचं मोठं भांडवल गळा, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. पण मोहिनीनं नाचायचं, भस्मासुरानं तिची नक्कल करायची आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायचा. ही गोष्ट कळायला शब्द लागतात कुठे? फाळक्यांना कथा निवडता येत होती, एवढं नक्की. १९१४ मध्ये त्यांनी आपले चित्रपट लंडनला नेऊन दाखवले, त्यांत हाही होता.

मायलेकी या धंद्यात आल्या त्या कलेची सेवा वगैरे करायला नव्हे. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर दुर्गाबाईंच्या पदरात लहान मुलगी होती. त्या काळी अशा बाईपुढे वाटा किती? त्यांनी फिरती नाटक कंपनी धरली. पोटासाठी गाव सोडणं आपल्याला काही वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आपण परगावी गेलो तर घरचे अभिमानानं सांगतात. नाटकातल्या बाईचं नाव घरात कुणी काढत नसे.

पुढे कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ते स्वतः किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करत असत! बालगंधर्वांचा तो काळ. शालू नेसलेला पुरुष रसिकांना चालत होता, बाई चालत नव्हती. 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात बायकांनीच बायकांच्या भूमिका केल्या, त्याचं कौतुक आजही होतं. ते साल १९३३. म्हणजे कमलेची मोहिनी पडद्यावर येऊन वीस वर्षं झाली होती. दुर्गा खोटे १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त आल्या. 'चांगल्या घरातली बाई सिनेमात आली' म्हणून आपण ती घटना मिरवतो. दुर्गाबाई खोट्यांच्या अभिनयाबद्दल मला नितांत आदर आहे, पण या 'चांगल्या घरातली'चा मला राग येतो. आधीच्या बायका काय वाईट घरातल्या होत्या?

कमलाबाईंना तरुणपणीच वैधव्य आलं. तीन मुलं पदरात. त्यांनी काम थांबवलं नाही, थांबवणं परवडणारंच नव्हतं. थोरले चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात नावाजले. १९८० च्या 'गहराई'तही कमलाबाई दिसतात. पुढे रीना मोहन यांनी त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट केला. तो मिळवून जरूर पाहा. माहितीपट झाला तोवर बाई नव्वदीला आल्या होत्या.