मैदान सुटल्यावर



उन्हाळ्यातल्या यवतमाळला दिवसभर दारे लावून बसलेली मंडळी संध्याकाळी जेवण लांबवून येथे जमतात, ती काही खेळाडूंच्या धावा मोजण्यासाठी नव्हे. धावा आजकाल मुलांनाही तोंडपाठ असतात. म्हणून आज आम्ही खेळाविषयी थोडे आणि खेळ संपल्यानंतरच्या माणसाविषयी अधिक बोलणार आहोत. वकील किंवा डॉक्टर ज्या वयात नुकता जम बसवतो, त्या पस्तिशीत खेळाडूचा धंदा आटोपलेला असतो. पुढे त्याने काय करावे? आणि ज्या खेळाने त्याला घडवले, त्याचा कारभार त्याच्या हाती द्यावा की नाही?

या प्रश्नाचे सरसकट उत्तर आपल्याकडे तयार असते: ‘खेळलेल्या माणसालाच खुर्चीवर बसवा.’ आम्हीही एके काळी हेच म्हणत होतो. पण आमचा अनुभव ऐका. आम्ही तरुणपणी या जिल्ह्यात कबड्डी खेळलो, खेळ बेताचाच. गुडघा गेला आणि मंडळाने आम्हांस चिटणीस केले, कारण काय तर माणूस खेळलेला आहे! पहिल्याच वर्षी कुमार गटाच्या एका स्पर्धेचा प्रवेशअर्ज आमच्या खिशातच राहिला. आम्ही रोज संध्याकाळी पोरांना चढाई शिकवण्यात दंग होतो आणि मुदत निघून गेली. संघातल्या एका मुलाचे त्या गटातले ते शेवटचे वर्ष होते. तो रागावला नाही, रडलाही नाही. त्याने तो अर्ज मागून घेतला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला. त्या दिवशी आम्हांस कळले की, चढाई येणे वेगळे आणि चिटणिशी येणे वेगळे.

अमेरिकेत बास्केटबॉल हा पगारी धंदा असल्याने तेथे हा प्रश्न पूर्वीपासून मोठा आहे. वेन एम्ब्री नावाचा सहा फूट आठ इंच उंचीचा एक कृष्णवर्णीय खेळाडू. सिनसिनाटी, बॉस्टन आणि मिलवॉकी या संघांकडून तो १९५८ ते १९६९ पर्यंत खेळला. १९७२ साली मिलवॉकी संघाने त्याला सरव्यवस्थापक नेमले. त्या लीगमध्ये या जागेवर बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय. खुर्ची मिळाली, आणि थोड्याच काळात कसोटीचा प्रसंग आला. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू करीम अब्दुल-जब्बार याला ते शहर सोडायचे होते. ज्याच्या बळावर १९७१ चे अजिंक्यपद मिळाले, त्याला कोणता व्यवस्थापक आनंदाने जाऊ देईल? पण मन उडालेला माणूस बांधून ठेवण्यात संघाचे हित नाही, हे ओळखून १९७५ साली त्याला लॉस एंजेलिसला जाऊ दिले आणि मोबदल्यात चार खेळाडू घेतले. चाहत्यांची हळहळ सोसली. पुढे १९८६ पासून क्लीव्हलँड संघाचा कारभार पाहताना १९९२ आणि १९९८ साली तो लीगचा उत्कृष्ट प्रशासक ठरला. मैदानावर चेंडू घट्ट धरण्यात ज्याची हयात गेली, त्याला खुर्चीवर बसून सोडून देणे शिकावे लागले.

पण आपण एवढ्या दूर कशाला जावे? आपल्याच मराठी मुलखातले उदाहरण अजित वाडेकरांचे आहे. जन्म मुंबईचा, १९४१ चा. कसोटी सामने ३७, धावा २,११३, शतक एकच. आकड्यांवरून पाहाल तर त्यांच्याहून मोठे फलंदाज पुष्कळ निघतील. तेव्हा कसोटी खेळून घर चालत नसे. खेळाडू बँकांत आणि कंपन्यांत नोकरी करीत. वाडेकर स्टेट बँकेत होते. एम्ब्रीला पगार क्लबचा मिळे, वाडेकरांना बँकेचा. सकाळी जाळ्यात सराव आणि मग कचेरीत कागद! पुष्कळांनी या व्यवस्थेला नावे ठेवली. आम्हांस मात्र वाटते की, त्या कचेरीने खेळाडूला एक गोष्ट शिकवली. कागद वाचल्यावाचून सही करायची नाही.

वेस्ट इंडीजच्या १९७१ च्या दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले आणि ते कर्णधार झाले. मर्चंट हेही खेळाडूचे प्रशासक झालेले. तेव्हा ही परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. पहिला सामना किंग्स्टनला. पहिला दिवस पावसाने वाया गेला. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या जोरावर भारताने ३८७ केल्या आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर संपला. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० धावांची आघाडी लागते. पण एक दिवस बुडून सामना चार दिवसांचा राहिला, तर १५० पुरतात. हा नियम वाडेकरांना ठाऊक होता. ते सोबर्सकडे गेले आणि त्यांनी सांगितले की, पुन्हा फलंदाजीला या! सामना अनिर्णित राहिला, पण बलाढ्य प्रतिपक्षाचा नक्षा त्या क्षणी उतरला. पुढचा पोर्ट ऑफ स्पेनचा सामना आणि त्याबरोबर मालिकाही आपण जिंकली. श्रोतेहो, तो फॉलोऑन बॅटीने मिळवलेला होता, तसाच नियमाच्या पुस्तकानेही मिळवलेला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडात ओव्हलच्या मैदानावर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि विजयाला १७३ धावा हव्या होत्या. शेवटच्या सकाळी वाडेकर प्रारंभीच धावबाद झाले. परत आले आणि चक्क झोपी गेले. विजयाची वार्ता सांगायला त्यांना जागे करावे लागले! लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. आम्हांस तीत कारभाऱ्याचा मोठा गुण दिसतो. काम दुसऱ्याच्या हाती दिल्यावर त्याच्या डोक्यावर बसायचे नाही.

मग १९७४ चा इंग्लंड दौरा आला. तिन्ही कसोट्या हरलो. लॉर्ड्सवर सारा संघ ४२ धावांत बाद. ज्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी मिरवणूक काढली, त्यांच्यातल्याच कोणी मुंबईत त्यांच्या घरावर दगड मारले. त्यानंतर लवकरच वाडेकर निवृत्त झाले. येथे एखाद्याची कथा कडवटपणात संपली असती. ते बँकेच्या कामात राहिले आणि १९९२ च्या सुमारास संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले. पुढच्याच वर्षी कुंबळे, राजू आणि चौहान या तीन फिरकी गोलंदाजांवर भिस्त ठेवून भारताने इंग्लंडला ३-० असे हरवले. १९९४ च्या मार्चमध्ये ऑकलंडला सलामीचा सिद्धू मान आखडल्याने खेळू शकत नव्हता. तोपर्यंत मधल्या फळीत खेळणाऱ्या सचिन तेंडुलकरने अझरुद्दीन आणि वाडेकर यांच्याकडे हट्ट धरला की, मला एकदा सलामीला पाठवा. नाही साधले तर पुन्हा मागणार नाही. ‘ही आपली पद्धत नव्हे’ असे सांगून त्याला गप्प करणे सोपे होते. त्यांनी पाठवले. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या आणि पुढे एकदिवसीय सामन्यांतल्या ४९ शतकांपैकी ४५ सलामीला येऊन केली.

सारेच निर्णय असे फळत नाहीत. १९९६ च्या विश्वचषकात कलकत्त्याच्या उपांत्य सामन्यात नाणेफेक जिंकून आपण क्षेत्ररक्षण घेतले आणि ते अंगलट आले. ८ बाद १२० असताना प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला देण्यात आला. तेव्हाही व्यवस्थापक वाडेकरच होते. दगडांची ओळख त्यांना बावीस वर्षांपूर्वीची होती. तरीही पुढे निवड समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, अपंग खेळाडूंच्या क्रिकेटसाठी खपले. २०१८ च्या १५ ऑगस्टला ते गेले. खेळाडू, कर्णधार, व्यवस्थापक आणि निवड समितीचा अध्यक्ष अशा चारही पायऱ्या चढलेले आपल्याकडे फार थोडे. लाला अमरनाथ, पुण्याचे चंदू बोर्डे आणि वाडेकर.

तात्पर्य हे की, खेळलेला माणूस खुर्चीवर असावा, पण खेळला एवढ्याच पुण्याईवर नव्हे. हार पचवलेली असणे ही त्याची खरी भांडवल-ठेव. नियम, हिशेब आणि मुदत ही त्याला नव्याने शिकावी लागणारी विद्या. आपल्या विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. आपल्याच जिल्ह्याचा, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा अक्षय कर्णेवार याने २०२१ साली मणिपूरविरुद्ध चार षटकांत एकही धाव न देता दोन बळी घेतले. म्हणजे खेळणारी पोरे आपल्याकडे आहेत. पुसद, वणी, दारव्हा, कोठेही जा, संध्याकाळी मैदानावर धूळ उडताना दिसेल. उणीव आहे ती त्यांच्यामागे बसून कागद सांभाळणाऱ्या माणसांची. म्हणून पालकांना आमची विनंती की, मुलाला खेळू द्या. आणि मंडळांना विनंती की, खेळणाऱ्या मुलालाच गुणलेखन, पत्रव्यवहार आणि जमाखर्च आतापासून शिकवा.

अर्जाची घडी करणाऱ्या त्या मुलाविषयी सांगायचे राहिले. पुढे आम्ही त्याला जवळ बसवून मंडळाची दप्तरे दाखवली आणि आमची चूकही कागदावर दाखवली. आज तोच मंडळाचा चिटणीस आहे. प्रवेशअर्ज मुदतीच्या आठ दिवस आधी जातो. आमच्या हातून चिटणिशीत झालेले एवढेच एक चांगले काम.