निजलेल्या हातास जागे करणे

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या वडीलधाऱ्यांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आजाराचा विषय काढावा, हे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्यांच्या हातांनी हा धर्मग्राम उभा राहिला, त्यांच्यापैकी काहींचा एक हात आज अर्धांगवायूने निश्चल होऊन मांडीवर पडला आहे. त्या हाताविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अर्धांगवायू हा वस्तुतः हाताचा नव्हे, तर मेंदूचा विकार होय. मेंदूतील एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. तेथील पेशी मरतात, आणि त्या ज्या अवयवास आज्ञा देत, तो लुळा पडतो. मेलेली पेशी पुनः जिवंत होत नाही. यास्तव गेलेला हात गेलाच, अशी समजूत पुष्कळ काळ होती.

ही समजूत सर्वस्वी खरी नाही, हे एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखविले. माकडाच्या एका हाताचे संवेदना नेणारे मज्जातंतू कापले, तर ते तो हात वापरीतच नाही, असे मॉट व शेरिंग्टन या इंग्रज संशोधकांना १८९५ साली आढळले होते. टाउब यांनी अशा माकडाचा चांगला हात बांधून ठेविला; तेव्हा ते निकामी समजलेला हात वापरू लागले! यावरून त्यांनी अनुमान काढले, ते असे: प्रारंभी दुबळा हात उचलण्याचा प्रत्येक यत्न फसतो; चांगल्या हाताने काम साधते; आणि दुबळा हात न वापरण्याचीच सवय जडते. पुढे मेंदू काहीसा सावरतो, परंतु सवय सुटत नाही.

हेच तत्त्व पुढे माणसांस लावून पाहिले गेले. अमेरिकेतील ७ संस्थांनी मिळून २२२ रुग्णांवर केलेल्या परीक्षेचा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला. या साऱ्यांना झटका येऊन ३ ते ९ महिने झाले होते. एका गटाच्या चांगल्या हातात २ आठवडे, जागेपणाचा बहुतेक वेळ, जाड हातमोजा घातला. दुबळ्या हाताकडून तासन्‌तास कामे करवून घेतली. दुसऱ्या गटास नेहमीचीच शुश्रूषा मिळाली. पहिल्या गटाचा हात अधिक सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती.

मात्र घरी जाऊन कोणी आजोबांचा चांगला हात बांधू नये! ज्यांचे मनगट व बोटे थोडीतरी उचलतात, त्यांच्यासाठीच हा उपाय आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत कडक सराव लादणे हितावह ठरलेले नाही. शिवाय तोल जाऊन पडण्याचे भय असतेच. यास्तव डॉक्टर व व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच पाऊल टाकावे.

परंतु घरच्या माणसांस एक गोष्ट आजच करता येईल. आपण प्रेमापोटी आजीला घास भरवितो, तिची बटणे लावितो, पेला तिच्या ओठांशी नेतो. त्या प्रेमाविषयी शंका नाही. तथापि त्याच प्रेमाने तिचा हात अधिक गाढ निजतो. जे तिला स्वतः साधेल, ते तिला करू द्यावे. शेंगा सोलणे, टॉवेलाची घडी घालणे, रोझरीचे मणी एकेक पुढे सरकविणे, हे सारे हाताचे शिक्षणच आहे. वेळ लागेल, चहा सांडेल, सांडू द्यावा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्यासाठी वाहिले आहे. रोगाचा अभाव म्हणजे निरोगी वार्धक्य नव्हे. माणसास ज्याचे मोल वाटते ते करण्याची शक्ती टिकून राहणे, हा त्याचा अर्थ होय. त्या दृष्टीने, स्वतःच्या हाताने क्रुसाची खूण करू शकणारा वृद्ध काही कमी निरोगी नव्हे.

शेवटी एक सूचना. तोंड एका बाजूस वाकडे झाले, एक हात उचलेनासा झाला किंवा बोलणे अडखळले, तर घटकाभरही वाट न पाहता रुग्णास मोठ्या इस्पितळात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रक्तदाब तपासून ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे व नित्य चालणे, यांनी झटक्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

बंधुभगिनींनो, ज्या हातांनी आपणांस चालावयास शिकविले, त्यांस आता आपण धीराने शिकवावयाचे आहे. ते करताना घाई न करणे, हीच आपली खरी सेवा ठरेल.