बँड फुटायच्या आधी एक गाणं रेकॉर्ड करा!

कामठीतून बोलतोय. इयरफोन लावलेत ना? कारण आजचा विषय इयरफोन लावून ऐकायच्या संगीताचा आहे: सायकेडेलिक पॉप.

म्हणजे काय? चाल पॉपची, लगेच गुणगुणता येणारी. पण आवाज पाण्याखालून आल्यासारखे: लांबत जाणारा एको, गरगरणारी गिटार, उलटी चालवलेली टेप. १९६६ साली बीटल्सनी ‘टुमॉरो नेव्हर नोज’ केलं. त्यात जवळजवळ अख्खं गाणं एकाच सुरावर तरंगतं आणि मागे तंबोरा वाजतो. तंबोरा! मग हे संगीत आपल्याला परकं कसं?

आमचा बँड तिघांचा. गिटार, ड्रम आणि कीबोर्डवर मी. कन्हानच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीची धडधड आम्ही फोनवर पकडली, उलटी लावली आणि एका गाण्याच्या सुरुवातीला टाकली. भारी वाटते, भाऊ! तीन गाणी बसलीत. पण ड्रमवाला पुढच्या महिन्यात नोकरीसाठी पुण्याला चाललाय. गिटारवाला म्हणतो, “दिवाळीत तो येईल तेव्हा चांगल्या स्टुडिओत करू.” मी म्हणतो, ह्याच रविवारी फोनवर करू. काहून? ऐका.

सत्तरच्या दशकात मुंबईत असे बँड जोरात होते. एका सिगारेट कंपनीची ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा व्हायची, देशभरातून पोरं यायची. १९७० आणि १९७१ साली त्यातल्या बँडच्या गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. आज त्या बँडची ओळख उरली ती मुख्यतः त्यामुळेच. ज्यांचं काहीच रेकॉर्ड झालं नाही, ते गेले.

‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ घ्या. मुंबईचा बँड, अल्बम एकच: ‘ऑब्सेशन ७७’. पण तो टेपवर होता, म्हणून कित्येक वर्षांनी एका अमेरिकन लेबलनं तो पुन्हा काढला.

आणि आपले नंदू भेंडे! आत्माराम भेंड्यांचा मुलगा. ‘सॅव्हेजेस’ आणि ‘वेल्व्हेट फॉग’ या बँडमध्ये इंग्रजी रॉक गायला, आणि पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’मधून तोच दम मराठी रंगभूमीवर आणला. त्या बँडमधल्या रात्री कशा गाजल्या असतील, ते आज कुठं ऐकणार?

तेव्हा टेप महाग, स्टुडिओ मोजके. आज फोन खिशात आहे. आमचा बेत सांगतो, तुम्हालाही चालेल. फोन एअरप्लेन मोडवर. खोलीत गाद्या-रजया लटकवायच्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. फोन ड्रमपासून सात-आठ फूट लांब. आधी ड्रम एकटा, कारण तोच चाललाय! मग फुकटच्या मल्टिट्रॅक अ‍ॅपमध्ये त्याच्यावर गिटार, कीबोर्ड, आवाज. एको सगळ्यात शेवटी. आधीच भरला तर नंतर काढता येत नाही. आणि फाइल तिघांच्याही फोनमध्ये.

खरखर येईल, येऊ द्या. दिवाळीत तो आलाच, तर स्टुडिओत पुन्हा करू. नाही आला, तर ड्रम तरी त्याचाच राहील.

तुमच्या बँडमधला कोण गाव सोडून चाललाय? तो निघायच्या आत एक टेक घ्या. भेटू पुढच्या भागात!