मरिनारा आणि रागू

टोमॅटोचा रस सगळा सारखाच, ही समजूत नेपल्समधील कोणतीही गृहिणी मान्य करणार नाही. मरिनारा झटपट होते: ऑलिव्हच्या तेलात लसूण परतून टोमॅटो घातले, की पास्ता शिजेपर्यंत रस तयार, फळाचा आंबटपणा त्यात ताजाच राहतो. रविवारच्या रागूला मात्र घाई खपत नाही. मांसाच्या मोठ्या तुकड्यांसह तो मंद आचेवर तासन्‌तास बुडबुडत राहतो. त्या बुडबुडण्याला तेथील बोलीत 'पिप्पियारे' असे क्रियापदच आहे. आच वाढली, की रस तळाशी लागतो आणि सकाळपासूनची मेहनत वाया जाते! रसात कालविलेला पास्ता आधी वाढतात, मांस मागाहून. बोलोन्याचा रागू नावापुरताच त्याचा भाऊबंद: त्यात मांसाचा खिमा, टोमॅटो बेताचा, आणि १९८२ साली तेथील व्यापारमंडळाकडे नोंदविलेल्या कृतीत तर चक्क दूध!